हसण्याच्या जागा

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
१८ जानेवारी २०२५

मालविका,

तुझा ईमेल मला तुझ्याच पुस्तकाच्या मागच्या पानावर सापडला, 'प्रयोगाच्या परवानगीसाठी' या ओळीखाली. घाबरू नकोस, परवानगी आमच्या सदानंदने रीतसर घेतलेली आहे. तो इथे तेल कंपनीत पाइपलाइन बघतो आणि उरलेला वेळ इथल्या मराठी मंडळाची नाटकं बसवतो. तू आणि मी नाशिकला एका खोलीत तीन वर्षं राहिलो, हे त्याला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

तुझं 'यजमान झोपलेत' निवडलं गेलं तेव्हा मी बैठकीत विरोध केला. कौटुंबिक प्रेक्षक, लहान मुलं, स्टेजवर मढं, असं काय काय बोलले. कुणी ऐकलं नाही. मग मीच म्हटलं, प्रॉम्प्टिंग मी करते. का म्हटलं ते विचारू नकोस. म्हणजे विचार हवं तर, पण खरं सांगायचं तर मला बघायचं होतं की लोक नक्की कुठे हसतात.

हॉल छोटा आहे. एका नाट्यवर्गाची जागा, शंभरेक खुर्च्या, काळे पडदे. विंगेतल्या माझ्या स्टुलावरून नाटक तिरकं दिसतं, पण पहिल्या चार रांगांतली तोंडं अगदी समोर दिसतात. काल पहिला प्रयोग झाला आणि मी नाटक बघितलंच नाही, माणसं बघितली.

माझ्या गार्गीने मैत्रिणीला फोनवर तुझी गोष्ट कशी सांगितली ऐक. "सो, ही बाई नवऱ्याला पॉयझन देते. तो खुर्चीत मरतो. अँड देन त्याच दिवशी त्याच्या सिक्स्टिएथ बर्थडेचे गेस्ट्स यायला लागतात. ती सगळ्यांना म्हणते, यजमान झोपलेत. दॅट्स इट. इट्स हिलेरियस."

हसली माणसं. भरपूर हसली. पुण्याची, ठाण्याची, इंजिनिअर नवरा आणि नीट इस्त्री केलेली बायको अशी जोडपी. पहिला पाहुणा मेलेल्या यजमानांना नमस्कार करून आशीर्वादाची वाट बघत वाकून उभा राहतो ना, तिथे तर एक गृहस्थ खुर्चीतून घसरले. मढ्याचं काम राजाभाऊ करतात. साठीचे आहेत, रिटायर व्हायला आलेत, आणि एसी बरोबर त्यांच्या डोक्यावर येतो. दुसऱ्या अंकात ते शिंकले. हॉल एकदम गप्प. तेवढ्यात आमची अंतरा, म्हणजे तुझी कुसुम, पदराने त्यांचं नाक पुसून म्हणाली, "झोपेतसुद्धा सर्दी सोडत नाही यांना." टाळ्या पडल्या. हे वाक्य तुझं नाही, पण ठेवून घे. मध्यंतरात राजाभाऊ मला म्हणाले, "खलास, वहिनी. माझ्यामुळे तिचा खून फुकट गेला असता."

आणि कुसुमचा नवरा एक घास खाऊन ताट जमिनीवर पालथं घालतो, त्या आठवणीच्या प्रवेशालाही लोक हसले. ताटाचा आवाज झाला की हसू. मी संहितेच्या पानांना लावलेली टाचणी बोटात टोचून घेतली.

ते ताट तुला मी सांगितलं होतं. सगळी गोष्टच मी सांगितली होती, हॉस्टेलच्या गच्चीवर. सख्ख्या दुर्गामावशीची. बिजवराला दिलेली, वयात पंचवीस वर्षांचं अंतर, नवऱ्याच्या साठीला पंगती उठेपर्यंत नवरा आत मेलेला. गावाने विष म्हटलं, पोलीस बासुंदी बाटलीत भरून घेऊन गेले, निघालं काहीच नाही. मला तरी काय माहीत होतं? मी तेव्हा शाळेत होते, नाशिकला परीक्षा देत होते. जे कानावर आलं ते सांगितलं. आणि नऊ वर्षांपूर्वी तू मला नाटकाचे दोन पास पाठवलेस. न कळवता की काय आहे. मी मावशीच्या मुलाला, बालाजीदादाला, बरोबर घेऊन आले. पहिला अंक संपता संपता तो उठला आणि निघून गेला, खुर्चीखाली काढलेल्या चपला घालायचंही भान नव्हतं त्याला. पुढचं तुला माहीत आहे, मी फोनवर काय काय बोलले तेही.

एवढं सगळं होऊन पत्र का लिहितेय? कारण आई इथे आहे. हिवाळाभर राहायला आलीय. आणि आमच्या मातोश्री सत्यभामाबाईंना पुढच्या प्रयोगाला यायचंय. मी म्हटलं, तिकिटं संपली. तर म्हणाली, "प्रॉम्प्टरच्या आईला तिकीट लागतं होय?"

दुर्गामावशीची ती थोरली बहीण, आणि त्या दिवशी ती त्या घरात होती. ती कुठे हसेल? मला दुसरं काही सुचत नाहीये.

विभावरी


दोहा
२५ जानेवारी

मालविका,

तुझं उत्तर मिळालं. नऊ वर्षांनी आलेली एक ओळ: "दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला खोकतात का?" मला हसू आलं आणि रागही आला. हो, खोकतात. तो प्रवेश लांबलाय. काप.

काल शुक्रवारी दुपारचा खेळ होता, खास आपल्या मराठी कामगारांसाठी. ड्रायव्हर, वेल्डर, एसीवाले, सगळे बीड-जालना-लातूरकडचे, घरच्यांना गावी ठेवून आलेले. शाळेची बस चालवणारा बाजीराव मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला असतो, त्यानेच सगळ्यांना गोळा केलं. "यल्ला, आत चला, फोन बंद करा," असं दारात उभं राहून सांगत होता. मागच्या रांगेत आई आणि गार्गी. आईला मागे बसवण्याचं कारण मी गार्गीला सांगितलं नाही, पण आईने स्वतःच गार्गीला घेऊन पुढे येऊन दुसऱ्या रांगेत जागा पटकावली. बरोबर माझ्या नजरेसमोर.

हसण्याच्या जागा सगळ्या हलल्या, मालविका! नमस्कार करणाऱ्या पाहुण्याला ओझरतं हसू. पण जो भाऊबंद येऊन मेलेल्या यजमानांच्या कानात बांधाचा वाद काढतो, त्याला हसू थांबेना. एकजण उभा राहून ओरडला, "आवं काका, हलवून बघा की त्याला!" आणि शेजारच्याने त्याला खाली ओढलं, "बस ना बे, बाई पकडली जाईल." ते सगळे कुसुमच्या बाजूने होते. पाहुणा खुर्चीकडे सरकला की पाठीमागून "नको, नको" असा आवाज यायचा.

ताट पालथं झालं तेव्हा कुणी हसलं नाही. अंतरा थांबलीसुद्धा, हसण्यासाठी जागा सोडायची सवय झालेली. ती जागा तशीच रिकामी गेली. नंतर बाजीराव चहा पिताना म्हणाला, "ताई, ते जेवणाचं काही बरं वाटलं नाही बघा." एवढंच. आठ दिवसांपूर्वी तिथेच हसणाऱ्यांना मी नावं ठेवली होती, पण आवाज दचकवतो तेव्हा माणूस हसतोही. मी आता ठरवत नाही कोण बरोबर.

आता आईचं. ती सगळा वेळ शांत बसली होती, देवळात कीर्तनाला बसते तशी, हात मांडीवर. आणि मग विषाचा प्रवेश आला. कुसुम पुडी काढते, अर्धी पुडी सांडते, पुन्हा गोळा करते, ढवळते, चमचा लपवते. तिथे हॉलमध्ये चिडीचूप होतं. आणि आई हसली. मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. गार्गी तिला कोपराने ढोसत होती, "आजी, शूऽ." आई डोळे पुसत हसतच होती.

प्रयोग संपल्यावर ती थेट स्टेजवर चढली. मला वाटलं अंतराचं कौतुक करेल. तिने अंतराचा हात धरला आणि म्हणाली, "छान केलंस हो. पण तू सारखी त्या खुर्चीकडे बघतेस. बघू नकोस. जिला माहीत असतं ना, ती तिकडे बघतच नाही."

अंतरा माझ्याकडे बघायला लागली. मी आईकडे.

गाडीत विचारलं, "आई, तू हसलीस का तिथे?"

"हसू आलं म्हणून हसले. हसायचंच नाटक आहे ना?"

"अगं पण तिथे कुणीच हसत नाही."

"मग मी हसले," म्हणाली, आणि खिडकीबाहेरच्या खजुराच्या झाडांना लावलेल्या दिव्यांबद्दल विचारायला लागली.

तुला काय वाटतं? मला काही वाटायचं धाडस होत नाहीये.

विभावरी


दोहा
२९ जानेवारी

मालविका,

हे बसून वाच.

आज सकाळी आईला घेऊन अल मन्सूराला गेले. तिथल्या वाणसामानाच्या दुकानात तिला आपल्यासारखी मेथी आणि गवार मिळते, म्हणून ती खूश असते. पिशव्या डिकीत ठेवल्या, गाडीत बसलो, मी चावी फिरवली, आणि ती म्हणाली, "थांब जरा. तुझ्या मनात त्या दिवसापासून जे आहे ते विचारून घे. गार्गी शाळेत आहे तोवर."

मी विचारलं, "मावशीने विष घातलं होतं का?"

"नाही गं. विष कशाला लागतंय?"

गाडीत एसी सुरू होता. समोरच्या उपाहारगृहातला माणूस शटर वर करत होता. आई समोर बघत बोलत राहिली. मला जसं आठवतंय तसं लिहिते.

पूजा झाली होती. पाहुणे मांडवात बसले होते, पहिली पंगत मांडली होती. काका, म्हणजे मावशीचे यजमान, सोवळं बदलायला आतल्या खोलीत गेले. दोघी बहिणी मागच्या पडवीत चुलीवर पुऱ्या तळत होत्या. आतून हाक आली. "दुर्गेऽ." आई म्हणाली, ती रोजची हाक नव्हती. रोजची हाक आली की दुर्गामावशी हातातलं टाकून पळायची, नाही तर काय होईल ते माहीत असायचं. ही हाक मधेच मोडली.

आई उठायला लागली. मावशीने तिचं मनगट धरलं. पिठाचा हात.

"अक्का, तेल तापलंय."

पुन्हा हाक आली. हळू. मावशी पुरी लाटत होती. आई बसली. तिसऱ्यांदा आली की नाही हे आईला सांगता येत नाही. मांडवात 'पुऱ्या आणा' म्हणून ओरडत होते.

"मी बसले, विभा," आई म्हणाली. "तिनं मनगट केव्हाच सोडलं होतं. तरी मी बसून राहिले."

शेवटची पंगत उठली तेव्हा मावशी आत गेली. बाहेर आली, हात धुतले. स्वतःचं ताट वाढून घेतलं, आणि चुलीपाशी बसून जेवली. सगळं ताट. त्या घरात आल्यापासून तिचं जेवण म्हणजे सगळ्यांचं झाल्यावर, निवलेलं, आणि कधी कधी जमिनीवरून गोळा केलेलं. आई तिच्यासमोर बसून होती. जेवण झालं, मावशीने ताट घासून पालथं ठेवलं, आणि मग ओसरीवर जाऊन हंबरडा फोडला.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. लगेच नेलं असतं तर वाचले असते का, तर सांगता येत नाही म्हणाले. "ते सांगता येत नाही म्हणजे काय, याचा आम्ही दोघींनी आयुष्यभर विचार केला," आई म्हणाली. "एकमेकींशी कधी बोललो नाही. पण सणाला भेटलो की कळायचं, दुसरीनेही केलाय."

आणि म्हणून ती हसली होती. तुझी कुसुम पुडी काढते, सांडते, पुन्हा गोळा करते, चमचा लपवते. "केवढा खटाटोप," आई म्हणाली. "मला वाटलं, अगं बाई, एवढं करावं लागत नाही गं. नुसतं बसून राहिलं तरी पुरतं."

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. विचारलं, "मालविकाला कळवू?"

मला वाटलं होतं ती नको म्हणेल. ती म्हणाली, "तिला आधी कळव. तू तिला अर्धंच सांगितलं होतंस, म्हणून बिचारीला विष घालावं लागलं."

बिचारी तू. ऐकलंस?

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. विचारायला हवं होतंस, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण हे कुणाला तरी लिहायचं होतं, आणि ती गोष्ट माहीत असलेलं माणूस तूच उरलीस.

विभावरी


दोहा
१ फेब्रुवारी

मालविका,

तुझं मोठं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. 'मी तेव्हा विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही' हे वाक्य मला आवडलं नाही, पण ते खोटं नाही. शेवट बदलू का, असं विचारलंस. मी आईला विचारलं. उत्तर खाली आहे. आधी कालचा शेवटचा प्रयोग.

सगळ्या प्रकारचे लोक होते. पहिल्या खेळाला आलेले काहीजण पुन्हा, पर्लसारख्या महागड्या वस्तीत राहणारी बडी मंडळी, बाजीराव आणि त्याचे चारपाच जण. अंतराने आईचं ऐकलं. कुणाला न सांगता. पहिल्या प्रवेशापासून ती खुर्चीकडे बघेनाशी झाली. पाणी आणते, हार ठेवते, पाहुण्याला बसायला सांगते, आणि जिथे राजाभाऊ मरून बसलेत तिकडे तिची नजर जात नाही. खुर्चीच्या जवळून जातानाही नाही.

मी पहिल्या रांगेतल्या एका बाईंकडे बघत होते. त्या आधी सगळ्यांबरोबर हसत होत्या. मग त्यांचं हसू येतं, पण मध्येच थांबतं असं व्हायला लागलं. शेजारच्या नवऱ्याचंही. हॉलभर हसण्याला असा अडथळा यायला लागला. शेवटच्या 'यजमान झोपलेत' ला, जिथे दोन्ही वेळा टाळ्या पडल्या होत्या, कुणी हललं नाही. सदानंद माझ्यामागे येऊन कुजबुजला, "काय झालं? पडलं की काय नाटक?" मी मान हलवली. मग पडदा पडला आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. राजाभाऊ उठून उभे राहिले तेव्हा एका लहान मुलीने किंचाळून आईच्या कुशीत तोंड लपवलं.

आई विषाच्या प्रवेशाला हसली नाही या वेळी. मी बघत होते.

आज सकाळी चहा घेताना मी तुझा प्रश्न तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "विष राहू दे म्हणावं. विष असलं की माणसाला वाटतं, ही दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट. हसायला बरं पडतं." मग म्हणाली, "दुर्गीला मी सांगितलं होतं तेव्हाच. तुझ्यावर नाटक केलंय म्हटलं. तर मला विचारते, लोक हसतात का गं? म्हटलं, हसतात म्हणे खूप. तर म्हणाली, बरं झालं. नुसती रडली असती माणसं तर मला लाज वाटली असती."

हे मला चार वर्षांपूर्वी मावशी गेली त्याआधी कळायला हवं होतं. असो.

पण हे पत्र त्यासाठी नाही. चहाचा कप खाली ठेवून आई म्हणाली, "बालाजीला फोन लाव."

मी म्हटलं, "आई, नको. त्याला काय सांगणार?"

"त्याच्या आईने विष घातलं नव्हतं हे सांगणार. तो तेव्हा चौदा वर्षांचा होता. नाटकातून उठून गेला ना? म्हणजे गावाचं खरं धरून बसलाय तो. मी आज आहे, उद्या नाही."

तिकडे सकाळचे दहा वाजले असतील, तो शेतावर होता. आईने फोन स्पीकरवर ठेवला कारण तिला कानाला धरून नीट ऐकू येत नाही. इकडचं तिकडचं काही बोलली नाही. सरळ सगळं सांगितलं. हाक, मनगट, तेल. "विष नव्हतं रे," म्हणाली. "मी होते तिथे. ऐकून बसून राहिलो, आम्ही दोघी. जे काही आहे ते एवढंच आहे. तू तुझ्या आईला विषाचं नाव लावू नकोस."

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता. मला वाटलं, लाइन गेली.

मग दादा म्हणाला, "मावशी, मी विष कधीच धरलं नव्हतं."

"मग उठून का गेलास नाटकातून? विभाने इतकी वर्षं मैत्रीण तोडली त्यापायी."

"तो पाहुणा येतो ना त्यात. दारातून हाका मारतो. ओ यजमान, ओ यजमान, आणि कुणीच उठत नाही. मला बसवेना."

आईने माझ्याकडे बघितलं.

"मी पंगतीत पाणी वाढत होतो," दादा म्हणाला. "खोलीच्या खिडकीपाशीच होतो. मला ऐकू आली होती हाक, दोन्ही वेळा. मला वाटलं, जाऊ या. पण गेलो तर म्हणतील, कोणी बोलावलं तुला, आणि सगळ्या पाहुण्यांपुढे मार बसेल. तेवढ्यात कुणीतरी पाणी मागितलं. मी पाणी वाढलं." मग म्हणाला, "मला वाटायचं, मी एकट्यानेच ऐकली."

आईने फोन टेबलावरून उचलून दोन्ही हातांत धरला. तिकडे कुणीतरी विहिरीवरची मोटार सुरू केली, दादाने त्याला ओरडून बंद करायला सांगितली. नंतर पुन्हा वारा. फोन कुणीच ठेवत नव्हतं. मी उठले आणि दार लोटून घेऊन गॅलरीत येऊन बसले. तिथूनच तुला लिहितेय. आतून आता आईचा आवाज यायला लागलाय. ती त्याला विचारतेय, "जेवलास का रे?"

विभावरी